योग्य वेळी पुरावे देऊ

निवडणूक नगरपालिकेची असो की ग्रामपंचायतीची, अर्ज माघारीची मुदत संपली की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘आमचे तोंड उघडायला लावू नका.’ बोलणारा तोंड उघडतही नाही आणि मिटतही नाही. समोरच्याविषयी आपल्याकडे काहीतरी भयंकर आहे आणि ते योग्य वेळी बाहेर येईल, एवढे सांगून तो पुढच्या चौकातल्या सभेला निघून जातो. योग्य वेळ मतदानाआधी कधी येत नाही आणि मतदानानंतर तिची कोणाला गरज उरत नाही. मधल्या दिवसांत मात्र समोरच्याची बायको, त्याचा मुलगा, भावाची ठेकेदारी, आजोबांनी दाबलेली जमीन, जातीचा दाखला असे सगळे टपरीवरच्या चहाबरोबर ढवळून झालेले असते.

यावर सज्जनांचा उपदेश ठरलेला असतो. वैयक्तिक टीका नको, मुद्द्यावर बोला. ऐकायला हे बरे वाटते, पण गावपातळीवर हा उपदेश बहुतेक वेळा खुर्चीत बसलेल्याच्या सोयीचा ठरतो. नळाची पाइपलाइन आधी कोणत्या आळीत गेली, गटाराचे काम कोणाच्या मेहुण्याला मिळाले, समाजमंदिर नेमके कोणाच्या घराशेजारी उभे राहिले, या प्रश्नांत मुद्दा आणि माणूस वेगळे काढायचे कसे? मेहुण्याचे नाव काढले की ‘घरापर्यंत जाऊ नका’ अशी तंबी मिळते. पण गटार तर मेहुण्यापर्यंत आधीच गेलेले असते.

कायद्यानेही घराचा उंबरा केव्हाच ओलांडला आहे. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनांपेक्षा जास्त अपत्ये झाली तर ग्रामपंचायतीतले पद जाते. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरी जाते. आणि ते अतिक्रमण सदस्याने स्वतः केलेले नसून घरच्यांनी केलेले असले तरी सुटका नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. हे नियम शहाणपणाचे आहेत का, हा वेगळा वाद आहे. तिसरे मूल झाल्याने गावाचा पाणीपुरवठा बिघडतो असे मला तरी वाटत नाही. पण या तक्रारींच्या रीतीत एक गुण आहे. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी लागते. खाली नाव घालून सही करावी लागते. सोबत जन्मनोंदीचा उतारा, मोजणीचा नकाशा असे काहीतरी जोडावे लागते आणि समोरच्याला म्हणणे मांडायला तारीख मिळते. माणसाच्या घरात इतके आत शिरणारा आरोप दुसरा नसेल, तरी त्याला चिखलफेक कोणी म्हणत नाही.

म्हणून आरोप वैयक्तिक आहे की नाही, हे तपासत बसण्यात फारसे हशील नाही. करणारा त्याखाली सही करतो का, आणि आरोप खोटा ठरला तर तो परत घेतो का, हे पाहावे. त्याने परत घेतल्यावर आपण, म्हणजे ऐकणारे, त्याच्याशी कसे वागतो हे त्याहून जास्त पाहावे. या शेवटच्या बाबतीत आपला दीडशे वर्षांचा हिशेब फारसा बरा नाही.

पुण्याकडे वळणे भाग आहे, कारण मराठी सार्वजनिक भांडणाची बरीचशी रीत तिथेच पडली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तिच्यात जोतीराव फुल्यांच्या लिखाणाचा समाचार घेतला गेला. त्यात फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल भरपूर होती. माणसाची भाषा हसण्यावारी नेली की त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यावे लागत नाही, ही सोय पुण्याने फार लवकर ओळखली. हेच फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय पुण्यात येणार म्हणून शहर शृंगारायला हजार रुपयांचा खर्च सुचवण्यात आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून विरोधात मत देणारे फुले एकटे होते. शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्या शहराला हा हिशेब मात्र खोडून काढता आला नाही. बहुमताने तो बाजूला सारला, इतकेच.

१८८१ च्या जानेवारीत चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ काढले आणि वर्ष पुरे होण्याच्या सुमारास ही पत्रे कोल्हापूर प्रकरणात सापडली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून ताब्यात ठेवले होते. त्यांचे हाल होतात, अशी बोलवा सगळीकडे होती. कारभार दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता आणि दरबारात काय चालते ते बाहेरच्याला समजायला मार्ग नव्हता. अशा वेळी काही पत्रे संपादकांच्या हाती आली. ती खरी धरली तर बर्वे महाराजांच्या जिवावर उठले आहेत असाच अर्थ निघत होता. संपादकांनी ती खरी धरली आणि मजकूर छापला.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. चौकशीत पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघांनी माफी मागितली, पण बर्व्यांनी फिर्याद मागे घेतली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. ती त्यांनी मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात भोगली आणि सूट मिळून १०१ दिवसांनी ते बाहेर आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले.

या प्रकरणात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत आणि दोन्ही आपण सहसा विसरतो. पहिली जामिनाची. खटला उभा राहिला तेव्हा फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे जामीन राहिले. ज्या वर्तुळातून आपली टवाळी झाली त्याच वर्तुळातल्या दोन तरुण संपादकांसाठी फुल्यांनी हे केले. त्यांच्या वैचारिक भांडणात यामुळे काडीचाही फरक पडला नाही. भांडण कोणाशी आहे आणि कशापुरते आहे, याची इतकी स्वच्छ जाण पुढच्या काळात फार कमी जणांकडे दिसते.

दुसरी गोष्ट महाराजांची. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. म्हणजे महाराजांच्या जिवाची लोकांना वाटत असलेली काळजी खोटी नव्हती. हाती आलेला कागद खोटा होता. दार बंद असले की असेच होते. आत काहीतरी वाईट चालले आहे हे बाहेरच्याला कळते, पण नेमके काय आणि कोण करते आहे ते कळत नाही. मग जो कोणी कागदाचा कपटा घेऊन येईल त्याच्यावर विश्वास बसतो, आणि ज्याचे नाव त्या कपट्यावर असेल त्याची अब्रू जाते. बर्व्यांची गेलीच होती. न्यायालयाने ती परत मिळवून दिली, पण लोकांच्या मनात ती पूर्ववत झाली असेल असे समजण्याचे कारण नाही. तुरुंगातून सुटलेल्या संपादकांचे स्वागत झाले. बर्वे कोण, हे आज इतिहासाच्या वाचकालाही शोधून काढावे लागते.

आता पंधरा वर्षे पुढे जाऊ. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. प्लेग-अधिकारी रँडच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घरांची झडती घेत होते, माजघरात आणि देवघरात शिरत होते, माणसांना उचलून छावणीत नेत होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून त्यांना पत्रे आली की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. पत्रे विश्वासातल्या माणसांची होती. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले आणि तिथून गवगवा झाला. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वातावरण आणखी तापले.

गोखले परत आले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत. पुरावा आपल्यापाशी नाही हे कबूल करून त्यांनी ऑगस्टमध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांची आणि प्लेगच्या कामावरच्या सोजिरांची बिनशर्त माफी मागितली. माफी गरजेपेक्षा लांबलचक होती, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल. पण सिद्ध करता येत नाही ते परत घ्यावे आणि त्याचा दोष ज्यांनी माहिती पुरवली त्यांच्यावर न ढकलता स्वतःच्या अंगावर घ्यावा, यापेक्षा सार्वजनिक माणसाने दुसरे काय करायचे असते?

पुण्याने त्यांना धारेवर धरले. सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि मग तुलना आपोआपच झाली: एक तुरुंगात गेला, दुसऱ्याने नाक घासले. डिसेंबरमध्ये अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले तिथे गोखल्यांना बोलू देण्यालाच विरोध झाला. ही माफी त्यांच्या मागे जन्मभर लागली. मृत्यूनंतरही कितीतरी वर्षे मराठी राजकारणात मवाळ म्हटले की ती आठवण काढली जाई.

१८८२ आणि १८९७ शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे दुसऱ्याने आणलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून गंभीर आरोप केला गेला. दोन्हीकडे तो सिद्ध करता आला नाही आणि दोन्हीकडे माफी मागितली गेली. पहिल्या माफीवर तुरुंगाची शाल पडली, त्यामुळे ती दिसेनाशी झाली. दुसरी उघडी राहिली. महाराष्ट्राने यातून घेतलेला धडा असा, की चूक झाली तर शिक्षा भोगावी, म्हणजे नाव होते. शब्द मात्र परत घेऊ नये, म्हणजे नाव जाते. आजचा नगरसेवक हा धडा कोणी न शिकवताच गिरवतो. अब्रुनुकसानीची नोटीस आली की तो म्हणतो, ‘न्यायालयात उत्तर देऊ,’ आणि पुढची दहा वर्षे तारखा पडत राहतात. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? गोखल्यांचे काय झाले हे ज्याला ठाऊक आहे तो माफी मागणार नाही.

आगरकरांची पुढची कथा याच काळातली, पण तिची जात वेगळी. या वेळी त्यांनी कोणावर खोटा आरोप केला नव्हता. समाजाला न आवडणारी मते ‘सुधारका’त लिहिली, एवढेच. त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. दम्याने पोखरलेल्या त्या माणसाने घरात बसून स्वतःच्या अंत्ययात्रेचा गलका ऐकला असेल. ते १८९५ मध्ये गेले. जुन्या पुण्यात वाद कसे उच्च पातळीवर चालत, असे गहिवरून सांगणाऱ्यांनी ही तिरडी जरूर आठवावी.

पुढचा मोठा भडका नगरपालिकेतच उडाला. १९२४ मध्ये मंडईत टिळकांचा पुतळा बसला. दुसऱ्याच वर्षी केशवराव जेधे यांनी फुल्यांचा पुतळा बसवण्याचा ठराव नगरपालिकेत आणला आणि तो फेटाळला गेला. शहराच्या सभागृहात ज्याला जागा मिळाली नाही ते चौपट होऊन पत्रकात आले. दिनकरराव जवळकर या तिशीतही न पोचलेल्या तरुणाने ‘देशाचे दुश्मन’ लिहिले आणि टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर झोड उठवली. भाषा जहाल होती, काही ठिकाणी शिवराळही होती. पन्नास वर्षांपूर्वी ‘निबंधमाले’ने फुल्यांना जे दिले त्याची परतफेड व्याजासकट केली गेली, आणि ती करताना मेलेल्या माणसांना सोडले नाही. मला ते पुस्तक आवडत नाही. पण त्यावर लेखकाचे नाव होते, प्रकाशक म्हणून जेध्यांचे नाव होते, प्रस्तावना लिहिणारे वकील केशवराव बागडे यांचे होते, मुद्रकाचेही होते. चौघांवर खटला झाला, खालच्या न्यायालयात त्यांना शिक्षा झाली. अपिलात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि ते सुटले. रात्रीतून दारात पत्रके टाकून पसार होणारे हे लोक नव्हते. लिहिले ते आमचे, म्हणून ते न्यायालयात उभे राहिले.

याच जेध्यांनी पुढे काकासाहेब गाडगीळांच्या जोडीने बहुजन समाज काँग्रेसमध्ये आणला. पुण्यातल्या ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या ऐन वणव्यातून आलेल्या दोन माणसांची ही मैत्री. आणि आचार्य अत्रे नगरपालिकेत आले तेव्हा, ज्या मंडईच्या बांधकामावरच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला होता, त्याच रे मार्केटला फुल्यांचे नाव मिळाले. पुण्याच्या विनोदबुद्धीला साजेसेच झाले म्हणायचे.

नंतरच्या काळाचा फेरफटका लवकर आटोपता येतो, कारण सही हळूहळू गायब होत गेली. १९९० च्या दशकात मुंबई महापालिकेतले उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी आपल्याकडे ट्रकभर पुरावे असल्याचे सांगितले. अतिक्रमणे पाडणारा हा माणूस स्वतः धडाडीचा, कोणाला न भिणारा, त्यामुळे लोक ट्रकची वाट पाहू लागले. ट्रक आला नाही. पण ‘ट्रकभर पुरावे’ ही भाषा राजकारणाला इतकी आवडली की पुढे पेनड्राइव्ह आले, सीडी आल्या, डायऱ्या आल्या आणि बहुतेकांच्या नशिबी खैरनारांच्या ट्रकचेच प्राक्तन आले.

निवडणुकीत उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे छापणे हा गुन्हा १९२० पासून दंडविधानात आहे. भारतीय न्याय संहितेतही कलम १७५ म्हणून तो कायम आहे. शिक्षा काय? फक्त दंड. साध्या अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मतदारांना फसवण्यासाठी केलेल्या बदनामीला पावती फाडून मोकळे होता येते. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत अशा खोट्या प्रचारावरून निवड रद्द होऊ शकते, पण त्याला याचिका, साक्षी, वकील लागतात. वॉर्डात पडलेल्या उमेदवाराला हे परवडत नाही. तो पुढच्या वेळी स्वतःच दोन पत्रके छापतो.

यात सर्वांत जास्त भरडली जाते ती बाई. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. सरपंचबाईंनी एमबी मागितली, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची नोंद पाहायची म्हटली, की तिच्या कारभारात खोट काढता येत नाही म्हणून ती कोणाच्या मोटारसायकलवर बसून तालुक्याला गेली याची चर्चा सुरू होते. पुरुष सरपंचाच्या बाबतीत निदान पैशाचा प्रश्न आधी निघतो. तिच्या बाबतीत पैशापर्यंत कोणी पोचतच नाही. आणि या आरोपाखाली सही कधीच नसते, कारण त्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे जोडता येईल असा उतारा नसतो. मोबाइलवर फिरवता येईल अशी अर्ध्या मिनिटाची क्लिप तेवढी असते.

आमच्या पत्रकारितेच्या धंद्याचाही यात वाटा आहे. ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ या तीन शब्दांनी कोल्हापूरच्या बनावट पत्रांइतके नुकसान तालुक्या-तालुक्यात केले आहे. आरोप पहिल्या पानावर चौकटीत छापायचा आणि खुलासा आतल्या पानावर, पंचांगाखाली. फरक एवढाच की टिळक-आगरकरांनी आपल्या बातमीसाठी तुरुंग पाहिला.

करता येण्यासारखे एक काम मात्र आहे आणि त्याची जागा न्यायालयाच्या बरीच अलीकडे आहे. कुठल्याही ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग उघडून पाहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, कुठल्याही ग्रामसभेचे पान काढा. मजकूर एकच: ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.’ त्या सभेत कोणीतरी उठून गटाराच्या बिलाविषयी ओरडलेले असते, कोणीतरी मेहुण्याचे नाव घेतलेले असते, खुर्च्या सरकलेल्या असतात. कागदावर त्यातले काहीही उतरत नाही. जे सभेत लिहिले गेले नाही ते टपरीवर जाते, तिथून मोबाइलवर जाते, आणि वाटेत गटाराचे बिल गळून पडते, मेहुण्याची भानगड तेवढी उरते. कोल्हापूर दरबाराच्या बंद दाराचे काम आज ‘सर्वानुमते’ हा शब्द करतो. नगरपालिकांची सभागृहे यापेक्षा फार निराळी नाहीत. तिथे इतिवृत्त छापील असते आणि विरोध नोंदवला जातो, पण कोणी कोणावर नेमका काय आरोप केला हे त्यातून शोधायला नशीब लागते.

आरोप झाला की तो करणाऱ्याच्या नावाने, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा आणि खाली त्याची सही घ्यावी. सही देत नसेल तर ‘सही दिली नाही’ असे लिहावे. पुढच्या सभेत पहिला विषय तोच घ्यावा: कागद दाखवा, नाहीतर शब्द परत घ्या. दोन्हींची नोंद सारख्याच ठळकपणे व्हावी आणि बिल, एमबी, ठेकेदाराचे नाव त्याच पानाला जोडावे. आरोप खरा असेल तर मेहुणा उघडा पडेल. खोटा असेल तर गावाला तेही एकाच ठिकाणी वाचायला मिळेल. यासाठी मुंबईहून नवा कायदा यायला नको. सभेच्या अध्यक्षाने लिहिणाऱ्याला ‘हे घ्या लिहून’ म्हणावे लागते. आणि पुढच्या सभेत कोणी उभा राहून ‘मागच्या वेळी मी बोललो ते चुकीचे होते’ असे म्हणालाच, तर त्या वेळी मागच्या बाकावरून जे फिदीफिदी हसतील त्यांचीही नावे त्याच पानावर लिहून घ्यावीत.